कर्जदाराचा वाली कोण?

कर्नाटकचे राज्यपाल थावरचंद गेहलोत यांनी ७ फेब्रुवारी २०२५ रोजी राज्य सरकारचा एक वटहुकूम स्वाक्षरी न करताच परत पाठविला. सूक्ष्मकर्जे देणाऱ्यांच्या जाचक वसुलीपासून गोरगरीब कर्जदारांना संरक्षण देणे, हा त्या वटहुकुमाचा हेतू होता. धाकदपटशाने वसुली करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद त्यात होती. जेथे सूक्ष्मकर्जाची कमाल मर्यादाच तीन लाखांच्या आसपास आहे, तेथे पाच लाखांचा दंड आणि दहा वर्षांची शिक्षा कितपत न्याय्य, असा प्रश्न राज्यपालांनी उपस्थित केला. कायदेशीर मार्गाने कर्ज देणाऱ्याने आपले पैसे कसे वसूल करायचे, हीही शंका त्यांनी नोंदविली. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या सरकारने खुलासा पाठविल्यानंतर आठवडाभरातच वटहुकूम मंजूर झाला आणि मार्च महिन्यात विधिमंडळाने त्याचे कायद्यात रूपांतर केले.

वरकरणी हा राजभवन आणि राज्य सरकार यांच्यातील नेहमीचा खटका वाटेल. परंतु त्यामागे असलेला प्रश्न दीडशे वर्षे जुना आहे. अडलेल्या माणसाला मिळेल त्या दराने कर्ज घेण्याचे स्वातंत्र्य असावे, की त्याच्या अडचणीचा फायदा घेणाऱ्याला सरकारने रोखावे? रोखायचे ठरविले तर ते कोणी, राज्य सरकारने की रिझर्व्ह बँकेने? या दोन प्रश्नांपैकी पहिल्यावर राजकारणात बरीच चर्चा होते. दुसऱ्यावर फारशी होत नाही आणि कर्जदाराचा घात बहुतेक वेळा तेथेच होतो.

कर्नाटकच्या कायद्याकडे पाहिले तरी हे ध्यानात येते. नोंदणी न केलेल्या व परवाना नसलेल्या सावकारांनी दिलेली दुर्बल घटकांची कर्जे व्याजासह फिटली असे समजावे, इतकी टोकाची तरतूद त्यात आहे. मात्र रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या बँका आणि बिगरबँक वित्तीय कंपन्या या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या. वटहुकूम काढण्यामागचा जनक्षोभ ज्यांच्या वसुलीविरुद्ध होता, त्यांत अशा नोंदणीकृत कंपन्याही होत्या. तरीही त्यांना हात लावण्याचे धाडस सरकारने केले नाही. यामागे सरकारची उदासीनता नव्हती. त्याचे मूळ राज्यघटनेत आहे.

दोन सूची, दोन मालक

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील तिसावी नोंद सावकारी, सावकार आणि शेतीवरील कर्जाच्या बोज्यातून दिलासा यांविषयी आहे. हा विषय राज्यांचा. बँकव्यवसाय आणि रिझर्व्ह बँक हे विषय मात्र केंद्रसूचीत आहेत. घटना तयार होत असताना सावकार म्हणजे गावातला पेढीवाला आणि बँक म्हणजे शहरातली इमारत, असे चित्र स्पष्ट होते. पुढे या दोहोंच्या मध्ये बिगरबँक वित्तीय कंपनी नावाचा तिसरा वर्ग उभा राहिला. ही कंपनी सर्वसामान्यांना बँकेसारखे बचत खाते देत नाही, पण कर्ज वाटते. मग ती सावकार की बँक?

केरळ आणि गुजरात या राज्यांनी आपापले सावकारी कायदे अशा कंपन्यांना लावण्याचा प्रयत्न केला. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १० मे २०२२ रोजी न्यायालयाने निकाल दिला. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या बिगरबँक वित्तीय कंपनीवर जन्मापासून अंतापर्यंत रिझर्व्ह बँकेचेच नियंत्रण असल्याने राज्यांचे सावकारी कायदे तिला लागू होत नाहीत, असा त्याचा आशय होता. एकाच धंद्यावर दोन नियंत्रक असले तर गोंधळ होईल, हा त्यामागचा तर्क बिनतोड आहे. परंतु त्याचा व्यवहारातील परिणाम असा की, एकाच गल्लीतील दोन कर्जदारांना दोन वेगळे कायदे लागू होतात. एकाने परवानाधारक सावकाराकडून पैसे घेतले, तर त्याच्यासाठी व्याजाची कमाल मर्यादा ठरलेली असते. दुसऱ्याने वित्तीय कंपनीकडून घेतले, तर अशी मर्यादा नसते. दोघांची गरज सारखी, हप्ता चुकल्यावर दारात उभा राहणारा माणूसही सारखाच असतो.

सुप्याच्या दंग्यापासून

कर्जदाराच्या संरक्षणाचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. भारतातील या विषयाच्या कायद्यांची एक महत्त्वाची सुरुवातच येथे झाली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. हा उद्रेक पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील गावागावांत पसरला. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकाराच्या दप्तरावर होता, हे चौकशीत दिसून आले. त्यातूनच १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कर्जरोख्यावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता मूळ व्यवहार काय होता, मुद्दल किती आणि व्याज किती, हे तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिले. अशा संरक्षणामुळे सावकार हात आखडता घेतील आणि शेतकऱ्याला कर्जच मिळणार नाही, ही आज सर्रास ऐकू येणारी टीका त्या कायद्यावर तेव्हाही झाली होती.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर १९४६ मध्ये मुंबई सावकारी कायदा आला. तो जवळजवळ सात दशके टिकला. त्याच्या जागी जानेवारी २०१४ पासून महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा लागू झाला. विनापरवाना सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. कर्जापोटी लिहून घेतलेली जमीन पंधरा वर्षे मागे जाऊन शेतकऱ्याला परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकांना मिळाला. परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने न्यायालयाने हुकूमनामा देऊ नये, असेही कायदा सांगतो. सप्टेंबर २०१४ मध्ये व्याजाचे कमाल दर ठरविण्यात आले. शेतकऱ्यांना तारण कर्जासाठी वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जासाठी १२ टक्के. इतरांना अनुक्रमे १५ आणि १८ टक्के.

कागदावर इतका कडक कायदा असताना शेकडा पाच ते दहा टक्के महिन्याने, म्हणजे वर्षाला ६० ते १२० टक्के दराने, खासगी सावकारी चालू असल्याच्या बातम्या शहरांतून आणि तालुक्यांतून येत राहतात. याची कारणे दोन. पहिले आर्थिक. विनातारण कर्ज १८ टक्क्यांनी देण्यात परवानाधारक सावकाराला रस नसतो. म्हणून तो सोने गहाण ठेवून घेण्यापुरता परवाना वापरतो आणि हातउसन्याचा धंदा बिनपरवाना माणसाकडे जातो. हा माणूस कोरा धनादेश, कोऱ्या मुद्रांकावरची सही किंवा थेट जमिनीचे खरेदीखत करून घेतो. त्यामुळे कागदोपत्री कर्ज दिसतच नाही. कर्ज दिसत नसेल तर सावकारीही सिद्ध होत नाही.

दुसरे कारण राजकीय आहे. शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न ऐरणीवर असताना तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी सावकारांना सोलून काढण्याची भाषा केली होती. त्याच काळात बुलढाणा जिल्ह्यातील एका आमदाराच्या सावकार कुटुंबाविरुद्धच्या तक्रारी नोंदवून घेण्यात तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या कार्यालयातून हस्तक्षेप झाला. या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये कठोर ताशेरे ओढले आणि राज्य सरकारला दहा लाख रुपयांचा भुर्दंड बसविला. कायदा कितीही कडक असो, तक्रार नोंदविणारे पोलीस ठाणे आणि छापा घालणारे सहकार खाते सावकाराच्या राजकीय वजनापुढे दबत असेल तर त्याचा उपयोग शून्य, हा त्या निकालाचा धडा होता.

विदर्भ आणि मराठवाड्यातील शेतकऱ्यांची सावकारी कर्जे फेडण्याचा निर्णय राज्य सरकारने २०१५ मध्ये अमलात आणला, तेव्हाही ही विसंगती उघड झाली. सरकारी तिजोरीतून पैसे द्यायचे म्हणजे नोंद हवी. नोंद हवी म्हणजे सावकार परवानाधारक हवा. ज्याने कायदा पाळला त्या सावकाराचे पैसे सरकारने फेडले. ज्याचा जाच सर्वाधिक होता त्या बिनपरवाना सावकाराचा कर्जदार मात्र योजनेबाहेर राहिला.

आंध्रचा धडा

राज्य सरकारांना कडक पावले उचलता येतात, पण त्याची किंमतही मोजावी लागते, हे आंध्र प्रदेशाने २०१० मध्ये दाखवून दिले. बचतगटांच्या जाळ्यामुळे ते राज्य सूक्ष्मकर्जांचे माहेरघर बनले होते. त्याच वर्षी हैदराबाद येथे मुख्यालय असलेल्या एका मोठ्या सूक्ष्मवित्त कंपनीने भांडवली बाजारातून सुमारे १,६०० कोटी रुपये उभे केले. गरीब महिलांच्या साप्ताहिक हप्त्यांवर उभा असलेला धंदा गुंतवणूकदारांना एवढा फायदेशीर कसा वाटतो, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. दुसरीकडे एकाच घरात चार-चार कर्जे, गटातील इतर महिलांमार्फत दबाव आणि त्यातून झालेल्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये के. रोसय्या यांच्या सरकारने वटहुकूम काढला. प्रत्येक जिल्ह्यात नोंदणी, साप्ताहिकाऐवजी मासिक हप्ते, सार्वजनिक ठिकाणीच वसुली, परवानगीशिवाय दुसरे कर्ज नाही आणि मुद्दलापेक्षा अधिक व्याज नाही, असे कठोर निर्बंध त्यात होते.

जाच थांबला, पण वसुली जवळजवळ ठप्प झाली आणि बँकांनी या कंपन्यांना पैसे देणे थांबविले. ज्या महिला वेळेवर हप्ते भरत होत्या त्यांनाही नवे कर्ज मिळेना. त्यांच्यातील अनेकींना पुन्हा गावातल्या सावकाराचे दार ठोठवावे लागले असणार, असा युक्तिवाद कंपन्यांनी केला. त्यात स्वार्थ होता, तरी तो अगदीच खोटा नव्हता. ग्राहकांवर कर्जे लादत सुटलेल्या कंपन्यांनीच ही वेळ स्वतःवर ओढवून घेतली, हे सरकारचे म्हणणेही तितकेच खरे होते.

यानंतर रिझर्व्ह बँकेने वाय. एच. मालेगाम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जानेवारी २०११ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाच्या आधारे सूक्ष्मवित्त कंपन्यांचा स्वतंत्र वर्ग निर्माण करण्यात आला आणि प्रारंभी व्याजावर २६ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. म्हणजे राज्याने आवाज उठविल्यावरच केंद्रीय नियंत्रकाला जाग आली. तेलंगण उच्च न्यायालयाने पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ मधील निकालाचा आधार घेत, हा राज्य कायदा रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील कंपन्यांना लागू होत नाही, असे स्पष्ट केले.

या विषयाला पक्षीय रंग देणे अवघड आहे, हेही येथे लक्षात घ्यायला हवे. आंध्र प्रदेशात २०१० मध्ये काँग्रेसचे सरकार होते. डिसेंबर २०२० मध्ये सूक्ष्मवित्त संस्थांविरुद्ध कायदा करणाऱ्या आसाममध्ये भारतीय जनता पक्षाचे सरकार होते आणि तेथे २०२१ च्या विधानसभा निवडणुकीत महिलांची सूक्ष्मकर्जे हा प्रचाराचा मुद्दा ठरला. २०२५ मध्ये कर्नाटकात काँग्रेसने आणि तामिळनाडूत द्रविड मुन्नेत्र कळघमने असे कायदे केले. मतदार दारात येऊन गाऱ्हाणे मांडतो ते आमदारापाशी. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरला निवडणूक लढवावी लागत नाही. म्हणून पक्ष कोणताही असो, राज्य सरकारे कायदा करण्याकडे झुकतात आणि मध्यवर्ती नियंत्रक बाजाराकडे झुकतो.

मुक्त दर आणि अचानक लगाम

रिझर्व्ह बँकेच्या भूमिकेतील चढउतार त्यादृष्टीने बोलके आहेत. १४ मार्च २०२२ रोजी तिने सूक्ष्मकर्जांसाठी नवी चौकट जाहीर केली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज म्हणजे सूक्ष्मकर्ज, अशी व्याख्या झाली. सर्व कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत, मुदतीपूर्वी फेड केल्यास दंड नसावा, सकाळी नऊपूर्वी आणि सायंकाळी सहानंतर वसुलीसाठी जाऊ नये, असे चांगले नियम आले. मात्र त्याच वेळी व्याजदरावरील मर्यादा काढून टाकण्यात आली. दर कंपनीच्या संचालक मंडळाने ठरवावा, तो अवाजवी नसावा, एवढीच अपेक्षा ठेवण्यात आली.

स्पर्धेमुळे दर खाली येतील, असा यामागचा विचार होता. अडीच वर्षांनी, १७ ऑक्टोबर २०२४ रोजी, रिझर्व्ह बँकेलाच चार वित्तीय कंपन्यांना नवी कर्जे मंजूर करणे व वाटणे थांबविण्याचा आदेश द्यावा लागला. त्यांनी आकारलेले दर आणि भांडवली खर्चावर लावलेला नफा अवाजवी असल्याचे कारण देण्यात आले. सुधारणा केल्यानंतर डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये हे निर्बंध उठविण्यात आले. अवाजवी म्हणजे नेमके किती, हा आकडा मात्र कोठेच लिहिलेला नाही. नियंत्रकाच्या दृष्टीने ही लवचिकता असेल. कर्जदाराच्या दृष्टीने पाहिले तर आपल्याकडून घेतला जाणारा दर बेकायदा आहे की नाही, हे त्याला कधीच कळू शकत नाही.

शहरी कर्जदाराची कोंडी

सावकारी म्हणजे खेड्यातला प्रश्न, असा शहरी वाचकाचा समज असतो. करोनाच्या काळात तो खोटा ठरला. टाळेबंदीत पगार थांबलेल्या हजारो तरुणांच्या मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप्स पोहोचली. उदाहरणादाखल हिशेब पाहू. पाच हजारांचे कर्ज मंजूर होते. प्रक्रिया शुल्क कापून हातात साडेतीन हजार पडतात. सात दिवसांनी पाच हजार परत द्यायचे असतात. साडेतीन हजारांवर आठवड्याला दीड हजार, म्हणजे सरळव्याजाने वर्षाला २,२०० टक्क्यांहून अधिक. ते फेडण्यासाठी दुसऱ्या ॲपवरून कर्ज, दुसरे फेडण्यासाठी तिसऱ्यावरून. हप्ता चुकला की मोबाइलमधून उचललेल्या क्रमांकांवर नातेवाइकांना आणि कार्यालयातील सहकाऱ्यांना शिवीगाळीचे संदेश, विकृत केलेली छायाचित्रे. यातून तेलंगणसह अनेक राज्यांत आत्महत्या झाल्या.

डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने जनतेला सावध केले आणि जानेवारी २०२१ मध्ये कार्यगट नेमला. त्याने पाहणी केली तेव्हा भारतीयांसाठी उपलब्ध असलेल्या सुमारे १,१०० कर्जॲप्सपैकी ६०० बेकायदा आढळली. २ सप्टेंबर २०२२ रोजी डिजिटल कर्जांविषयीचे नियम आले. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जावी, सर्व शुल्क धरून वार्षिक दर सांगणारे मुख्य तथ्य विवरण द्यावे, ठरावीक काळात दंडाशिवाय कर्ज परत करता यावे, संपर्कयादीला हात लावू नये, असे त्यांचे स्वरूप होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून हे विवरण सर्वच किरकोळ कर्जांना सक्तीचे झाले. नियंत्रित संस्थांशी संलग्न ॲप्सची यादीही रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ पासून आपल्या संकेतस्थळावर खुली केली.

या विवरणाचे महत्त्व एका साध्या उदाहरणावरून कळेल. एक लाखाचे कर्ज, १२ टक्के सपाट दर, बारा मासिक हप्ते. दरमहा सुमारे ९,३३३ रुपये भरायचे. मुद्दल दर महिन्याला कमी होत असूनही व्याज मूळ एक लाखावरच धरलेले असल्याने खरा वार्षिक दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. विक्रेत्याच्या तोंडी बारा असतात आणि कर्जदाराच्या खिशातून एकवीस जातात. हे उघड होणे ही निश्चितच प्रगती आहे. पण माहिती मिळाल्याने निवड करता येते ती पर्याय असलेल्याला. रुग्णालयात अनामत भरायची आहे, त्याला विवरणातला दर वाचूनही सहीच करावी लागते.

क्रेडिट कार्डाची कथा याहून बोलकी आहे. थकबाकीवर ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जुलै २००८ मध्ये दिला होता. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तब्बल सोळा वर्षांनी, २० डिसेंबर २०२४ रोजी, न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला. व्याजदर ठरविण्याचा विषय रिझर्व्ह बँकेचा आहे, ग्राहक आयोगाला तो अधिकार नाही, असे न्यायालयाने म्हटले. बँकिंग नियमन कायद्यात १९८४ मध्ये घातलेले कलम २१-अ तर व्याज जास्त आहे या कारणावरून बँक आणि कर्जदार यांच्यातील व्यवहार न्यायालयाने पुन्हा उघडू नये, असेच सांगते. म्हणजे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्याला जे दार उघडून दिले होते, ते बँकेच्या ग्राहकापुरते शंभर वर्षांनी बंद झाले. ज्या रिझर्व्ह बँकेकडे बोट दाखविले जाते, ती दर बाजारावर सोडल्याचे सांगते. न्यायालय नियंत्रकाकडे पाठविते आणि नियंत्रक संचालक मंडळाकडे, अशी ही स्थिती आहे.

मर्यादेचा वाद

व्याजावर कमाल मर्यादा असावी का, यावर दोन्ही बाजूंचे म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे. दहा हजारांचे कर्ज देण्याचा आणि दहा लाखांचे कर्ज देण्याचा प्रशासकीय खर्च फारसा वेगळा नसतो, त्यामुळे लहान कर्जाचा दर मोठ्याहून जास्त असणारच, हे विरोधकांचे म्हणणे रास्त आहे. दर फार खाली बांधला तर कायदेशीर कर्जदाता माघार घेतो आणि बेकायदा सावकार त्याची जागा घेतो. महाराष्ट्रातील १८ टक्क्यांच्या मर्यादेने हेच दाखविले. देशात १९५१-५२ च्या पाहणीत ग्रामीण कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांचे होते. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत ग्रामीण कुटुंबांच्या थकीत कर्जात बिगरसंस्थात्मक वाटा ३४ टक्के आणि शहरी कुटुंबांत १३ टक्के उरला होता. हा बदल घडविण्यात बँका, सहकारी संस्था आणि वित्तीय कंपन्या या सर्वांचा हात आहे. निव्वळ बंदीने तो झाला नसता.

मात्र मर्यादा घालणे म्हणजे वार्षिक दरच बांधणे, असे नव्हे. ब्रिटनने जानेवारी २०१५ पासून अल्पमुदतीच्या महागड्या कर्जांवर वेगळ्या प्रकारची मर्यादा घातली. दिवसाला ०.८ टक्के इतका तुलनेने उंच दर तेथे चालतो. परंतु व्याज, शुल्क, दंड असे सगळे मिळून मूळ रकमेइतकेच वसूल करता येते, त्यापुढे एक पैसाही नाही. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये, हा दामदुपटीचा नियम हिंदू धर्मशास्त्रातून आला आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी तो दीर्घकाळ मानला. आंध्रच्या २०१० मधील वटहुकुमानेही हेच तत्त्व वापरले. कर्ज देण्याचा मार्ग मोकळा ठेवायचा, पण कर्जदार कायमचा अडकणार नाही याची खात्री द्यायची, असा हा मध्यममार्ग आहे. देशातील चर्चेत त्याचा विचार फारसा होत नाही.

संरक्षण व्यक्तीला की परवान्याला?

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये अनियंत्रित कर्जवाटपावर बंदी घालणाऱ्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. विनापरवाना कर्ज देणाऱ्याला दोन ते सात वर्षे आणि जाच करून वसुली करणाऱ्याला तीन ते दहा वर्षे कारावासाची तरतूद त्यात सुचविली होती. अनेक राज्यांत पसरलेल्या प्रकरणांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे देण्याचाही प्रस्ताव होता. परदेशातून चालविल्या जाणाऱ्या ॲप्सपुढे जिल्ह्याचे सहकार खाते आणि स्थानिक पोलीस हतबल ठरतात, हे पाहता असा केंद्रीय कायदा आवश्यक आहे. तरीही मसुद्याचा पाया जुनाच आहे. कर्ज देणारा नियंत्रित आहे की अनियंत्रित, यावरच गुन्हा ठरतो.

मूळ दुखणे येथेच आहे. आपल्याकडचे सारे कायदे कर्ज देणाऱ्याचा परवाना पाहून लागू होतात. कर्जदाराशी काय वर्तन झाले, हे पाहून नव्हे. बिनपरवाना सावकार दारात येऊन धमकावतो तो गुन्हा ठरतो. नोंदणीकृत कंपनीने नेमलेल्या एजन्सीचा माणूस तेच करतो तेव्हा ती बहुधा नियमावलीच्या भंगाची तक्रार ठरते. बँकांनी बळाचा वापर करून वसुली करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बजावले होते. वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितले. पण रात्री दहा वाजता फोन आला तर कर्जदाराने काय करायचे? आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभर उत्तराची वाट, मग लोकपाल. सायबर गुन्हा असेल तर १९३० या क्रमांकावर. सावकार असेल तर जिल्हा उपनिबंधक. धमकी असेल तर पोलीस ठाणे. आपला कर्जदाता यांपैकी कोणत्या वर्गात मोडतो, हे ठरविण्याची जबाबदारी संकटात सापडलेल्या माणसावरच टाकलेली आहे.

यावर उपाय म्हणून राज्यांनी आणखी कडक शिक्षा लिहिणे पुरेसे नाही आणि रिझर्व्ह बँकेने आणखी परिपत्रके काढणेही पुरेसे नाही. वसुलीतील जाच हा कर्ज देणाऱ्याचा परवाना न पाहता सर्वत्र एकच गुन्हा मानावा लागेल. तो राज्यांच्या पोलिसी अधिकारातला विषय असल्याने सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ मधील निकालाचीही त्याला अडचण नसावी. एकूण वसुलीवर दामदुपटीसारखी मर्यादा निदान लहान कर्जांना लागू करण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेच्या हाती आहे. सध्याच्या चार खिडक्यांऐवजी जिल्हा पातळीवर तक्रारीची एकच खिडकी ठेवणे ही तर निव्वळ प्रशासकीय बाब आहे. यांपैकी कशासाठीही घटनादुरुस्ती लागत नाही. लागते ती केंद्र, राज्य आणि रिझर्व्ह बँक यांनी आपापल्या हद्दीचा हट्ट थोडा सोडण्याची तयारी.

कर्ज स्वस्त व्हावे आणि सहज मिळावे, ही मागणी रास्तच आहे. परंतु सहज मिळणारे कर्ज गळफास ठरू नये, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर कर्नाटकातील राज्यपाल आणि सरकार यांच्या वादातूनही मिळाले नाही. सुप्याच्या शेतकऱ्याला निदान आपल्या कर्जाची वही कोणत्या घरात आहे, हे ठाऊक होते. आजच्या कर्जदाराला ती कोणत्या राज्यात, कोणत्या देशात आणि कोणत्या कायद्याखाली आहे, याचाच पत्ता नसतो. तो पत्ता शोधून देण्याची जबाबदारी सरकार आणि रिझर्व्ह बँक यांनी मिळून उचलल्याखेरीज ‘कर्जदारांचे संरक्षण’ हे शब्द भाषणांतच राहतील.